रात्री दोनचे पाहुणे

बेंगळुरूच्या पंचतारांकित हॉटेलांत रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारावं, परदेशी पाहुण्यांची खरी गर्दी कधी होते? तो संध्याकाळ म्हणणार नाही, मध्यरात्र उलटल्यावरची वेळ सांगेल. शहर गाढ झोपलेलं असतं आणि पोर्चमध्ये एकामागून एक गाड्या येऊन थांबत असतात. त्यातून उतरणाऱ्यांचे चेहरे ओढलेले असतात, शर्ट चुरगळलेले असतात, आणि तिकडच्या घड्याळानुसार त्यांची जेवणाची वेळ झालेली असते की झोपेची, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही.

ही वेळ कुणी हौसेनं ठरवलेली नाही. अमेरिकेहून निघालेली विमानं सकाळी युरोपात पोचतात. त्यांतल्या प्रवाशांना घेऊन पुढचं विमान दुपारी बारा-एकच्या सुमाराला फ्रँकफर्टहून सुटतं, नऊ-एक तास उडतं, आणि वाटेत घड्याळ साडेतीन ते साडेचार तास पुढं सरकतं. बेरीज करून पाहिली की रात्रीचा दीड-दोन येतो. तेच विमान तीनच्या पुढं परत निघालं, तर सकाळी युरोपात उतरून अमेरिकेच्या विमानांची जोडणी पकडू शकतं. युरोपातल्या विमानतळांची ही सोय बेंगळुरूच्या माथी मारलेली आहे म्हणा ना.

याचा परिणाम हॉटेलच्या वहीवर होतो. हॉटेलचा दिवस बारा वाजता बदलत नाही. ‘नाइट ऑडिट’ म्हणून एक काम असतं. दिवसभराचा सगळा हिशेब जुळवून रात्रीच केव्हातरी तारीख पुढं ढकलायची. पहाटे तीनला आलेल्या माणसाला खोली हवी असेल, तर ती आदल्या दुपारपासून त्याच्या नावानं रिकामी ठेवलेली असावी लागते, म्हणजे न झोपलेल्या रात्रीचं भाडं त्याच्याकडूनच घ्यायचं. त्यावरून काउंटरवर होणारी हुज्जत टाळावी म्हणून काही हॉटेलांनी ‘चोवीस तास चेक-इन’ सुरू केलं, म्हणजे आल्या क्षणापासून चोवीस तास मोजायचे. आणि हे चाललेलं असताना पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती निघत असतात, कारण परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे गेलीच पाहिजे. पाहुण्याच्या हातात गार शहाळ्याचा ग्लास, गळ्यात चंदनी मण्यांची माळ, कपाळावर कुंकू, आणि समोर सही करायचा कागद.

लांबचा विमानप्रवास करून परक्या देशातल्या आलिशान हॉटेलात पाय ठेवणं म्हटलं, की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढं दुबई, सिंगापूर नाहीतर लंडन येतं. पण गेली पंचवीस वर्षं जगातल्या असंख्य नोकरदारांचा तो ‘परका देश’ म्हणजे बेंगळुरू आहे. आणि या शहराची एक गंमत अशी, की इथं आलिशान हॉटेलं उभी राहिली ती मुख्यतः शहर पाहायला येणाऱ्यांसाठी नव्हे. आग्र्याला ताजमहाल आहे, जयपूरला किल्ले आहेत. बेंगळुरूला लोक कामाला येतात. छावणीतला साहेब, कॉफीमळ्याचा मालक, कारखान्यातला परदेशी इंजिनियर, सॉफ्टवेअर कंपनीचा गिऱ्हाईक: इथल्या उंची पाहुणचाराचा सगळा इतिहास या थकून आलेल्या कामकरी माणसांचा आहे.

त्यातल्या एकाचं येणं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. ऑक्टोबर १८९६मध्ये चौथ्या हुसार्स पलटणीचा एक एकवीस वर्षांचा अधिकारी ‘ब्रिटानिया’ जहाजानं मुंबईला पोचला. साउदॅम्प्टनहून निघून तेवीस दिवस झाले होते. किनाऱ्यावर पाय ठेवायची एवढी घाई, की बोट पूर्ण लागायचीही वाट न पाहता त्यानं ससून डॉकच्या भिंतीतली लोखंडी कडी पकडली. त्याच क्षणी लाटेनं बोट खाली नेली आणि उजवा खांदा निखळला. हा अधिकारी म्हणजे विन्स्टन चर्चिल. तो खांदा पुढं आयुष्यभर त्याला त्रास देत राहिला. पोलो खेळताना हात बांधून घ्यावा लागे. मुंबईहून ही मंडळी पुण्याला आली, तंबूंत उतरली, तिथंच नोकरचाकर ठरवले गेले आणि गणेशखिंडीत गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे मेजवानीही झाली. मग छत्तीस तासांची आगगाडी, आणि बेंगळुरू.

इथं चर्चिलनं दोन सोबत्यांबरोबर एक बंगला भाड्यानं घेतला. तो त्या घराला महालच म्हणतो, गुलाबी-पांढऱ्या गिलाव्याचा, मोठ्या बागेच्या मधोमध उभा असलेला. बटलर, कपडे सांभाळणारा, घोड्यामागचा सईस असा सगळा लवाजमा. सकाळी कवायत, संध्याकाळी पोलो आणि मधल्या तापलेल्या दुपारी पुस्तकं. गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास त्यानं वाचला तो याच घरात. जाताना क्लबाची तेरा रुपयांची उधारी मागं राहिली. १८९९मध्ये क्लबानं ती ‘न वसूल होणारी रक्कम’ म्हणून खाती टाकली. बेंगळुरू क्लबाला ती वही आजही मोठ्या कौतुकानं दाखवावीशी वाटते. बुडीत खात्याचा इतका अभिमान जगात दुसऱ्या कुठल्या संस्थेला असेल असं वाटत नाही.

चर्चिल बंगल्यात राहिला कारण तो वर्षानुवर्षं राहायला आला होता. आठवडा-पंधरवड्यासाठी येणाऱ्यांची सोय वेगळी होती. १८०९मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणची छावणी हलवून बेंगळुरूला आणली, कारण तिथला हिवताप फौजेला खात होता आणि समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरची ही हवा त्यांना मानवणारी होती. १८६४मध्ये मद्रासकडून रेल्वे आली, पाच वर्षांनी सुएझ कालवा खुला झाला, आणि विलायतेहून येणाऱ्यांची वाट निम्मी झाली. कोडगू-चिकमगळूरचे मळेवाले, कोलारच्या सोन्याच्या खाणींतले साहेब, घोड्यांच्या शर्यतींचे शौकीन, बदलीवर चाललेले अधिकारी, त्यांची बायकामुलं, अशा सगळ्यांना उतरायला जागा हवी होती.

१८८७मध्ये रेसकोर्सजवळ ब्रॉन्सन नावाच्या एका इंग्रज बाईंनी दहा खोल्यांचं बोर्डिंग हाऊस सुरू केलं. नाव ठेवलं वेस्ट एंड, लंडनच्या प्रतिष्ठित भागावरून. घरापासून हजारो मैलांवर आलेल्या माणसाला पत्ता तरी ओळखीचा वाटावा, हा त्यामागचा हिशेब उघड आहे. भाजलेलं मांस, पुडिंग, वेळेवर चहा आणि व्हरांड्यात आरामखुर्च्या, यापलीकडे चैनीच्या अपेक्षा त्या काळी फारशा नव्हत्या. १९१२मध्ये मद्रासच्या स्पेन्सर कंपनीनं हे बोर्डिंग विकत घेतलं. स्पेन्सर म्हणजे दक्षिणेतले मोठे दुकानदार. चिरूट, विलायती डबाबंद माल, रेल्वेची उपाहारगृहं आणि मद्रासचं कोनेमारा हॉटेल असा त्यांचा पसारा. त्यांच्या हातात आल्यावर बाईंच्या घरगुती बोर्डिंगचं रीतसर हॉटेल झालं. वीस-एक एकरांची झाडी मात्र तशीच राहिली. आज शहराच्या मध्यभागी एवढी हिरवी जागा पाहून जमिनीचे भाव माहीत असलेल्या माणसाचे डोळे फिरतात.

मराठी माणसाला इथं एक आठवण झाल्याशिवाय राहत नाही. या साहेबांच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकात, बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागिरी होती. जिजाबाई आणि बाल शिवाजी पुण्याहून इथं येऊन राहिले होते. जयराम पिंडे या कवीनं ‘राधामाधवविलासचंपू’त शहाजीराजांच्या दरबारात देशोदेशीच्या कवी-पंडितांची कशी ये-जा होती ते वर्णिलं आहे. लांबच्या वाटेनं येणाऱ्याची बरदास्त ठेवायची परंपरा शोधायचीच झाली, तर ती मिसेस ब्रॉन्सनच्या अंगणातच सुरू झाली असं मानायचं कारण नाही. १६८७मध्ये मोगलांनी शहर घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना देऊन टाकलं. त्यानंतर इथले मराठे राज्यकर्ते उरले नाहीत, रहिवासी उरले. त्यांच्यातल्या काही घराण्यांनी पुढं मिलिटरी हॉटेलं काढली, म्हणजे मांसाहारी खाणावळी. जयनगरच्या शिवाजी मिलिटरी हॉटेलात पानाच्या द्रोणात मिळणारी बिर्याणी खायला आज आलिशान हॉटेलांतले पाहुणेही मोटार करून जातात.

पंचतारांकित म्हणावं असं हॉटेल हिंदुस्थानात पहिल्यांदा उभं राहिलं ते मुंबईत. डिसेंबर १९०३मध्ये ताजमहाल हॉटेल उघडलं तेव्हा पहिल्या दिवशी सतरा पाहुणे होते. खोलीचं भाडं दहा रुपये, पंखा आणि जोडून न्हाणीघर असेल तर तेरा. अमेरिकेहून पंखे, जर्मनीहून लिफ्ट, तुर्की हमाम आणि इंग्रज बटलर जमवणाऱ्या जमशेटजी टाटांचं दुसरं मोठं स्वप्न बेंगळुरूत होतं: विज्ञानसंस्था. म्हैसूरच्या महाराजांनी तिला ३७१ एकर जमीन दिली, १९०९मध्ये संस्था स्थापन झाली, पण ती पाहायला जमशेटजी नव्हते. ताज उघडल्यावर सहा महिन्यांच्या आतच ते वारले. बेंगळुरूला परदेशी शास्त्रज्ञ, इंजिनियर येऊ लागले त्याचं मूळ या संस्थेत आहे. आणि १९८४मध्ये वेस्ट एंड हॉटेल चालवायला घेतलं ते ताजच्याच मंडळींनी.

पण पाहुणे विमानानं यायचे तर धावपट्टी हवी, आणि बेंगळुरूच्या धावपट्टीची गोष्ट सोलापुरात जन्मलेल्या एका माणसाकडे जाते.

वालचंद हिराचंद १९३९मध्ये अमेरिकेहून परतत होते. पॅसिफिक ओलांडणाऱ्या ‘क्लिपर’ विमानांचा तो काळ. पाण्यावर उतरणारी ही अवजड विमानं होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम अशी बेटं-बेटं करत दिवसचे दिवस प्रवास करत. रात्री बेटावरच्या विश्रांतिगृहात मुक्काम, सकाळी पुन्हा उड्डाण. अशा प्रवासात सहप्रवाशाशी बोलायला वेळच वेळ असतो. वालचंदांना भेटला विल्यम पॉली, चीनमध्ये विमानं जुळवण्याचा कारखाना काढलेला अमेरिकन. हिंदुस्थानात विमानाचा कारखाना काढता येईल का, यावर बोलणं सुरू झालं आणि बेत पक्का झाला. आजच्या विमानात प्रवासी कानांत यंत्रं घालून डोळ्यांवर पट्टी ओढतो. त्या सवयीनं वालचंद झोपी गेले असते, तर बेंगळुरूचा नकाशा वेगळा असता.

कारखाना मुंबई-पुण्याकडे का नाही निघाला? कारण म्हैसूर संस्थानचे दिवाण मिर्झा इस्माईल. संस्थानानं डोमलूरजवळ सातशे एकर जमीन दिली, भांडवलात पंचवीस लाख घातले, वीज-पाण्याची हमी दिली. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. पुढच्याच वर्षी पहिलं शिकाऊ विमान जुळवून तयार झालं. युद्धामुळं १९४२मध्ये सरकारनं कारखाना ताब्यात घेतला आणि वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. जहाजबांधणी आणि मोटारी यांच्याइतकं श्रेय त्यांना विमानाच्या बाबतीत मिळालं नाही, हे मराठी माणसालाही फारसं माहीत नसतं. आपण त्यांना वालचंदनगरच्या साखरेत अडकवून ठेवलं आहे. त्या कारखान्याची धावपट्टी पुढं शहराचा विमानतळ झाली, आणि मे २००८पर्यंत बेंगळुरूत उतरणारा प्रत्येक परदेशी प्रवासी तिच्यावरच उतरला.

स्वातंत्र्यानंतर शहराचा चेहरा सरकारी कारखान्यांनी बदलला. टेलिफोनची आयटीआय, यंत्रं आणि घड्याळं करणारी एचएमटी, इलेक्ट्रॉनिक्सची बीईएल. सगळीकडे कुठल्या ना कुठल्या परदेशी कंपनीची मदत होती. स्विस आले, फ्रेंच आले, साठच्या दशकात घड्याळांसाठी जपानी आले. त्यांना थेट बेंगळुरूला येता येत नसे. मुंबईला किंवा मद्रासला रात्री उतरायचं, विमानतळावरच्या खुर्चीत सकाळ करायची, मग देशी विमान. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुमार कृपा रस्त्यावर सरकारच्या पर्यटन महामंडळाचं अशोक हॉटेल उभं राहिलं. सरकारी हॉटेलच्या पाहुणचाराला एक खास सरकारी चव असते. दालनं ऐसपैस, नोकरवर्ग भरपूर आणि कुणालाच कसली घाई नाही. तरीही दशकभर शहरातल्या मोठ्या मेजवान्या तिथंच झडत. निर्गुंतवणुकीच्या लाटेत ते दीर्घ भाडेपट्ट्यानं खासगी हातांत गेलं.

१९८२मध्ये आयटीसीनं विंडसर मॅनर उघडलं. पांढरीशुभ्र इमारत, कमानदार खिडक्या, आत झुंबरं, एकूण थाट जॉर्जियन इंग्लंडचा. इमारत नवी कोरी, पण पाहणाऱ्याला ती छावणीच्या काळापासून इथं असावी असं वाटावं. इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बेंगळुरूकडे पर्यटकाला दाखवायला जुना वैभवशाली राजवाडा म्हणावा तर एकच, तोही विंडसरच्या किल्ल्याचीच आठवण करून देणारा. मग हॉटेलांनी आपापले राजवाडे बांधले. वेस्ट एंडला खरं वय होतं; विंडसरनं ते चुन्या-विटांतून उभं केलं. लांबून आलेल्या पाहुण्याला अनोळखी शहरात पहिल्या पाच मिनिटांत ‘आपण कुठंतरी मानाच्या ठिकाणी आलो’ असं वाटलं पाहिजे, आणि त्यासाठी पोर्चचे खांब, उंच छत आणि फेटेवाला दारवान यांच्याइतकं चटकन लागू पडणारं औषध नाही. या साऱ्याला दिखाऊ म्हणणं सोपं आहे. बावीस तास खुर्चीत अवघडून आलेल्या माणसाला तो दिखावा बरा वाटतो, हेही तितकंच खरं.

१९८५मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकी कंपनी बेंगळुरूत आली. तिची उपग्रहाशी जोडणारी तबकडी कार्यालयापर्यंत बैलगाडीतून नेल्याचं छायाचित्र प्रसिद्धच आहे. पुण्यात १९८१मध्ये सुरू झालेली इन्फोसिस त्याआधीच, १९८३मध्ये, मायको या गिऱ्हाइकासाठी बेंगळुरूला मुक्काम हलवून बसली होती. पुणेकरांच्या काळजातला हा सल अजून गेलेला नाही. पुढच्या वीस वर्षांत सॉफ्टवेअरच्या धंद्यानं हॉटेलांची गणितं उलटीपालटी केली. सॉफ्टवेअरचं गिऱ्हाईक साता समुद्रापार, आणि करार करण्याआधी ते एकदा तरी येऊन माणसं, इमारती, सुरक्षाव्यवस्था डोळ्यांनी पाहणार. ते आलं की सोमवारी. गेलं की गुरुवार-शुक्रवारी. त्यामुळं बेंगळुरूच्या मोठ्या हॉटेलांत आठवड्याच्या मध्यावर खोली मिळण्याची मारामार आणि शनिवार-रविवारी ओसाडी, असा पर्यटनस्थळांच्या नेमका उलटा क्रम पडला.

२००१मध्ये लुफ्तान्साची फ्रँकफर्ट-बेंगळुरू सेवा सुरू झाली आणि मुंबईच्या रात्रीच्या खुर्चीतून अनेकांची सुटका झाली. अमेरिकी पत्रकार थॉमस फ्रीडमन याच कंपनीच्या विमानानं बेंगळुरूला आला आणि इन्फोसिसचे नंदन नीलेकणी यांच्याशी झालेल्या बोलण्यातून त्याला ‘जग सपाट झालं’ ही कल्पना सुचली. २००५मध्ये आलेलं त्याचं पुस्तक सुरूच होतं बेंगळुरूच्या एका गोल्फ मैदानावर. जग सपाट झालं असेल, पण हॉटेलच्या खोल्या काही वाढल्या नव्हत्या. २००५-०६च्या सुमारास बेंगळुरूतलं खोलीभाडं मुंबई-दिल्लीलाही मागं टाकत होतं. कंपन्या वर्षभरासाठी खोल्या अडवून ठेवत, काहींनी आपली गेस्ट हाऊस बांधली, आणि सर्व्हिस अपार्टमेंट नावाचा नवा धंदा गल्लोगल्ली सुरू झाला.

याच काळातली सर्वांत रंगतदार गोष्ट लीला पॅलेसची. सी. पी. कृष्णन नायर यांनी ऐंशीच्या दशकात मुंबईत सहार विमानतळाच्या शेजारी पहिलं हॉटेल बांधलं होतं. रात्री-बेरात्री उतरणाऱ्याला विमानतळाला खेटून खोली मिळाली तर तो शहरात कशाला जाईल, हा त्यांचा हिशेब तंतोतंत बरोबर निघाला. तोच डाव त्यांनी बेंगळुरूत टाकला. २००१मध्ये एअरपोर्ट रोडवर, वालचंदांच्या धावपट्टीपासून अगदी थोड्या अंतरावर, म्हैसूरच्या राजवाड्याच्या घाटाचं गुलाबी हॉटेल उभं राहिलं. विमानातून उतरून तासाभराच्या आत माणूस गादीवर आडवा. इंग्लंडची नक्कल करणाऱ्या शहरात आता म्हैसूरची नक्कल आली, हाही एक बदलच. पाहुण्याला विलायतेची नव्हे, हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांची भूल घालायची वेळ आली होती.

मग २४ मे २००८ उजाडला. शहराच्या उत्तरेला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवनहळ्ळीला नवा विमानतळ सुरू झाला आणि करारातल्या अटीप्रमाणे जुन्याची प्रवासी वाहतूक बंद पडली. लोकांनी निदर्शनं केली, कोर्टात गेले. उपयोग झाला नाही. लीलाच्या दारातला रस्ता एका रात्रीत ‘ओल्ड एअरपोर्ट रोड’ झाला. हॉटेल मात्र बुडालं नाही. आजूबाजूला तोवर कार्यालयांची एवढी दाटी झाली होती, की विमानतळ गेल्यानं रस्त्यावरची गर्दी काही कमी झाली नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईत ताज आणि ओबेरॉयवर हल्ला झाला. बेंगळुरूत त्या रात्री काही घडलं नाही, पण इथल्या हॉटेलांची दारं त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाहीत. फाटकात अडथळे आले, गाडीखाली फिरवायचे आरसे आले, डिकी उघडून पाहणं आलं, बॅगांसाठी क्ष-किरण यंत्र आलं. विमानतळावर ज्या तपासणीतून सुटून पाहुणा आला, तीच आता हॉटेलच्या उंबऱ्यावर पुन्हा. फेटेवाला दारवान हसून नमस्कार करतो, आणि त्याच्या शेजारचा गणवेशातला रखवालदार तेवढ्याच नम्रपणे हात वर करायला सांगतो.

नव्या विमानतळानं खरा त्रास दिला तो वाटेत. रात्री दोनला रस्ता मोकळा असतो, पाऊण-एक तासात माणूस शहरात पोचतो. पण दुपारी उतरलेल्याला हेब्बाळच्या पुलापाशी विमानप्रवासापेक्षा जास्त घाम फुटतो. इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत जायला दोन-दोन, तीन-तीन तास लागू लागले तेव्हा २०१८मध्ये हेलिकॉप्टर टॅक्सीचाही प्रयोग झाला. पंधरा-एक मिनिटांत पोचवणारी ही टॅक्सी सगळ्यांच्या चर्चेत राहिली आणि थोड्यांच्या वापरात. काही हॉटेलवाल्यांनी यातून एक धडा घेतला: उत्तरेकडे सरकायचं. रिट्झ-कार्लटन, जेडब्ल्यू मॅरियट, शांग्रिला, कॉनराड ही मोठी परदेशी नावं २०१३पासून आली ती शहरातच. पण फोर सीझन्सनं विमानतळाकडे जाणाऱ्या बळ्ळारी रोडचीच बाजू धरली, आणि ताजनं तर विमानतळाच्या आवारातच हॉटेल उघडलं.

२०२०च्या मे महिन्यात या सगळ्या सजावटीचा अर्थच काही दिवस बदलला. टाळेबंदीत अडकलेल्यांना आणणाऱ्या विमानांपैकी बेंगळुरूचं पहिलं विमान ११ मे रोजी पहाटे लंडनहून आलं. तीनशेहून जास्त प्रवासी. त्यांना घरी जायची परवानगी नव्हती. शहर बससेवेच्या गाड्यांत बसवून थेट हॉटेलांत विलगीकरणासाठी नेलं. पंचतारांकित, तीनतारांकित आणि साधी अशा तीन दरांच्या खोल्या सरकारनं ठरवून दिल्या होत्या, आपापल्या ऐपतीप्रमाणे निवडायच्या. रिसेप्शनवर माणसं पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली. गळ्यात माळ नाही, कपाळाला कुंकू नाही. जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवून वाजवायचं आणि निघून जायचं. स्वतःच्याच देशात, कित्येकदा स्वतःच्याच शहरात परतलेली माणसं उंची गादीवर चौदा-चौदा दिवस एकटी बसून होती.

पुढच्या जानेवारीत, ११ तारखेला पहाटे, सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलं एअर इंडियाचं विमान मध्ये कुठंही न थांबता बेंगळुरूला उतरलं. सुमारे चौदा हजार किलोमीटर, सतरा तास, उत्तर ध्रुवावरची वाट. सारथ्य झोया अग्रवाल यांचं आणि वैमानिकांच्या खोलीत सगळ्या बायका, त्यांत एक आकांक्षा सोनावरे. ज्या बंदरातून क्लिपर विमानं बेटाबेटांवर टेकत दिवसचे दिवस उडत, तिथून हे विमान एकाच झेपेत. संगणकवाल्यांच्या या दोन राजधान्यांमध्ये त्याला फ्रँकफर्टचं ठाणं लागलं नाही, तरी उतरायची वेळ मात्र पहाटेचीच राहिली.

नोव्हेंबर २०२२मध्ये विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. बांबूंचं छत, वरून लोंबणाऱ्या वेली, कारंजी असा सगळा बागेचा थाट. सप्टेंबर २०२३पासून परदेशी विमानं तिथं लागतात. आता हॉटेलची लॉबी विमानतळातच सुरू झाल्यासारखी वाटते. टर्मिनलच्या आत काही तासांसाठी खोली देणारं हॉटेलही आहे; शहराच्या दूरध्वनीचा आकडा ०८० हेच त्याचं नाव. मेट्रोची निळी मार्गिका विमानतळापर्यंत बांधली जात आहे.

देवनहळ्ळीचा भाग मुळात चकोतऱ्यासाठी प्रसिद्ध, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. विमानतळ आल्यावर बागांच्या जमिनींना सोन्याचे भाव आले आणि फळबागांच्या जागी गोदामं, हॉटेलं, निवासी संकुलं उभी राहू लागली. विमान उद्योगाच्या वसाहतीसाठी चन्नरायपट्टण भागातली आणखी १,७७७ एकर जमीन घ्यायचं कर्नाटक सरकारनं ठरवलं होतं, १९४०मध्ये मिर्झा इस्माईल यांनी दिली त्याच्या अडीचपट. तेरा गावांतल्या शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून जास्त काळ धरणं धरलं. १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी ते भूसंपादन रद्द केल्याचं जाहीर केलं.